पाहुणचाराच्या दिवशीची हवा

विनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळंबला होते. चिंतामणीच्या पायऱ्या चढून वर आले, एका हातात नारळाची अर्धी वाटी, दुसऱ्या हातात पर्स, आणि पर्समध्ये फोन वाजत होता. सविता, माझी भावजय, नागपूरच्या दवाखान्यातून बोलत होती. बोलत कसली... "ताई" एवढंच म्हणाली आणि पुढे नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला. मी तिथेच पायरीवर बसले. मागून एक बाई म्हणाली, "सरका न मावशी, रस्त्यात कायले बसता?" तर मी तिच्यावर अशी खेकसले की बिचारीच्या हातातला प्रसाद सांडला. तिची मी इथे क्षमा मागते. आणखीही काही जणांची मागायची आहे, ती ओघात येईल. पण मी स्वतः कोणाला क्षमा करीन अशी अपेक्षा ठेवून हा लेख कोणी वाचायला घेतला असेल, तर त्यांनी पान उलटलेलं बरं. देवाशी माझं भांडण आहे ते आम्ही दोघं पाहून घेऊ. माणसांशी जे आहे ते इथे लिहिते.

विनूवर लिहा, असं पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा "चांगल्या आठवणी लिहा" असंही सांगितलं. लिहिते. पण माणूस गेला की नातेवाईक कसे एकदम गोड होतात, तशी मी झालेले नाही. मी डूख धरून बसले आहे. अडीच महिने झाले, सकाळचा चहासुद्धा मी रागानंच पिते. ज्याच्यावर राग आहे त्या, विनूच्या कामावरच्या मालकाचं नाव मी लिहिणार नाही, कारण लिहिलं तरी ते छापणार नाहीत. इथे त्याला शेठजी म्हणते. वणीत ज्याला समजायचं त्याला समजेल, आणि त्याला स्वतःला तर समजेलच.

माझा भाऊ विनू, म्हणजे विनायक, माझ्याहून सात वर्षांनी लहान. आमचं घर यवतमाळचं, नोकरदारांचं. आजोबा कचेरीत, बाबा कोर्टात कारकून, मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला. घरातल्या सगळ्यांच्या बोटांना शाई आणि या एकाच्या बोटांना ग्रीस. आम्ही घरात पुस्तकी बोलायचो, तर हा मुद्दाम रस्त्यावरची वऱ्हाडी बोलायचा आणि आईच्या शिव्या खायचा. बारावीत दोनदा नापास झाला. दुसऱ्यांदा निकाल लागला त्या दुपारी बाबा न जेवता आरामखुर्चीत बसले होते, आणि हा पठ्ठ्या अंगणात त्यांचीच स्कूटर उघडून बसला होता. तासाभरानं आत येऊन म्हणतो कसा, "बाबा, तुमच्या गाडीचा आवाज काहून येत होता, थे सापडलं." बाबांनी त्याच्याशी आठ दिवस बोलणं टाकलं. स्कूटर मात्र दुसऱ्याच दिवसापासून चालवायला लागले. कोणीतरी ओळखीच्यानं वणीत काम आहे म्हटलं, तर हा कपड्यांची पिशवी घेऊन निघालाही. मी स्टँडवर सोडायला गेले होते. "ताई, तू पोरायले गणित शिकव, मी टायर शिकतो," म्हणाला. मला हसू आलं होतं. आता ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

वणीला ट्रकांचं राज्य आहे. कोळसा वाहून वाहून टायर गुळगुळीत होतात आणि त्यांच्यावर नवं रबर चढवावं लागतं. त्याला रिमोल्ड म्हणतात. जुनं टायर खरवडायचं, त्यावर ब्रशनं सोल्यूशन लावायचं, म्हणजे पातळ केलेलं चिकट रबर, ते जरा वाळू द्यायचं, वर नवी पट्टी बसवायची आणि मग सगळं भट्टीत शिजवायचं. विनू आधी वणीत दुसऱ्यांकडे हे काम शिकला, आणि शेवटची अठरा वर्षं शेठजीच्या शेडमध्ये करत होता. शेवटी शेवटी तो तिथला मिस्त्री होता, हाताखाली सात-आठ माणसं, त्यात मंदाबाईसारख्या सोल्यूशन लावणाऱ्या बाया. सोल्यूशन बरोबर झालं की नाही हे तो डब्यात नाक घालून ठरवायचा. "नाकच माझा मीटर आहे," म्हणायचा. भाऊबीजेला ओवाळताना मी वाकले की त्याच्या केसांना एक गोडसर वास यायचा, पेट्रोलसारखा पण पेट्रोलहून बरा. मला तो आवडायचा. एकदा मी तसं बोललेही, तर म्हणतो, "तुयासाठी शिशीत भरून आणतो मंग, अत्तर म्हनून लाव." त्या वासात बेन्झिन होतं. श्वासातून रोज थोडं थोडं आत जातं, हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं तिथे पोचतं, आणि वर्षानुवर्षांनी कधीतरी रक्ताचा कॅन्सर करू शकतं. भाऊबीजेला मला हे माहीत नव्हतं. पुढे माहीत झालं, आणि तेव्हा मी जे केलं त्याचीच ही गोष्ट आहे.

दोनेक वर्षांपूर्वी शेठजीला एका परवानगीसाठी शेडमधल्या हवेचा अहवाल हवा होता. नागपूरच्या एका सल्लागार कंपनीला काम दिलं, आणि त्या कंपनीत माझा जुना विद्यार्थी होता, निखिल. गुणी मुलगा. अजूनही वाकून नमस्कार करतो. त्याचा फोन आला. "मॅडम, मोजमाप मी करतो, पण कॅन्सरच्या धोक्याचं गणित तुम्ही तपासून सही कराल का? संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांची सही असली की अहवालाला वजन येतं." भावाच्याच शेडचं काम. मी आनंदानं हो म्हटलं. मनात म्हटलं, बरं झालं, माझ्या डोळ्यांखालून जाईल.

मोजमापाच्या दिवशी संध्याकाळी विनूचा फोन आला. मी कोथिंबीर निवडत होते, फोन खांद्याला लावलेला. स्वारी एकदम खुशीत होती. शेठजीनं त्याला आदल्या दिवशी बोलावून सांगितलं होतं, "विनू, उद्या पाहुना येनार आहे. आपली इज्जत तुया हाती." मग काय विचारता! सकाळी शेडसमोर सडा, रांगोळी. दोन्ही शटर वर. सोल्यूशनचे पिंप मागच्या अंगणात. फरशी धुऊन पुसून लखलखीत. निखिल उतरल्या उतरल्या तर्रीपोहे, दुपारी सविताच्या हातचं वरण-भात आणि वांग्याची भाजी, दोनदा चहा. निखिलनं विनूच्या कॉलरला काचेची एक बारीक नळी अडकवली होती आणि कमरेला छोटा पंप बांधला होता. तो पंप दिवसभर हवा ओढत राहतो आणि माणूस काय श्वासात घेतो ते त्या नळीत साठतं. "पंप बांधून घेतला अन् बसलो त्याच्यापाशी," विनू सांगत होता. "ताई, तुया विद्यार्थी न थो, अन् त्यातून पाहुना. एक मिनिट एकटं सोडलं नाई त्याले. पाहुना दारात अन् आपून टायरमंदी डोस्कं घालून बसाव, बरं दिसते का थे?" मी म्हटलं, "शाब्बास रे, आईबाबांचं नाव राखलंस." आणि कोथिंबीर निवडत राहिले.

पुढे आकडे आले. सामान्य वाचकाला सांगते, हे गणित फार अवघड नसतं. हवेत ते रसायन किती, माणूस ते दिवसाचे किती तास घेतो, वर्षाचे किती दिवस, किती वर्षं, हे सगळं गुणायचं आणि एका आयुष्यभरावर पसरवायचं. मग त्याला एका ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. तो आकडा कुठून येतो? पूर्वी कुठल्यातरी देशात असल्याच कामात जी माणसं मेली, त्यांच्या मरणांवरून काढलेला असतो. शेवटी उत्तर येतं, लाखात अमुक. मी दोन दुपारी बसून सगळं तपासलं. गुणाकार बरोबर, एकक बरोबर, दशांशचिन्ह जागच्या जागी. धोका नगण्य, लाखात एकाहूनही कमी. खाली माझी सही, ठसठशीत. विनूला सांगितलं तर म्हणाला, "लाखात एक त आमची सविता आहे. तिच्याहून कमी म्हंजे काईच नाई." सविता आतून ओरडली, "आज उपाशी राहायचं का?" असं आमचं हसतखेळत झालं सगळं.

वर्षभरात तो थकायला लागला. जिना चढला की बसायचा. हातावर काळेनिळे डाग, दात घासताना रक्त. वणीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि त्याच दिवशी नागपूरला पाठवलं. पुढचं मी लिहीत नाही. ज्यांच्या घरात हा आजार येऊन गेला त्यांना माहीत आहे, ज्यांच्या घरी आला नाही त्यांना न कळलेलं बरं. एकच दुपार लिहिते. सविता डबा धुवायला गेली होती आणि मी त्याच्या उशाशी होते. केस गेलेले, ओठ फुटलेले. हळूच म्हणाला, "ताई, थो रिपोर्ट चुकला का गं?" मी पस्तीस वर्षं वर्गात जे शिकवलं तेच त्याला सांगितलं. म्हटलं, "नाही रे. गणित बरोबर आहे. एका माणसाच्या आजारावरून कारण सिद्ध होत नाही." त्यानं डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "मंग ठीक आहे. मंदाबाई, बाकीचे... थे बरे राह्यतीन." आणि त्याच्या चेहऱ्यावर खरंच बरं वाटल्यासारखं काहीतरी आलं. आमचं शेवटचं नीट बोलणं ते. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून माझा भाऊ निर्धास्त झाला होता, आणि माझा शब्द खोटा होता.

तेरवीला शेठजी आला. पांढरे कपडे, मोठा हार, दोन माणसं बरोबर. फोटोपुढे हात जोडून उभा राहिला तो चांगला मिनिटभर. जेवणं आटोपत आली तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं आणि साधी गोष्ट सांगितली. "शेडमधल्या बाकीच्यांचं रक्त तपासून घ्या. आणि सोल्यूशन बदला, बिनबेन्झिनचं मिळतं." त्यानं खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं. "मॅडम, आपल्याकडे सगळं नियमात आहे न. रिपोर्ट आहे. तुमचीच सही आहे त्याच्यावर." तो आणखी समजावणीच्या सुरात म्हणाला, "आता बोरी अरबच्या रस्त्याले दुसरं शेड टाकून राह्यलो. तिथल्या परवानगीलेही थोच रिपोर्ट जोडला. काम तेच, शेड तसंच. तिथल्या वीस-पंचवीस गरिबायले रोजगार भेटते. अन् तुमी त शिकलेल्या बाई, एकावरून काई सिद्ध होत नाई हे मी तुमाले सांगाव का?" तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. माझंच वाक्य, माझ्याच भावाच्या तेरवीला, बासुंदीची वाटी हातात धरून हा माणूस मला ऐकवत होता. तो गेला आणि मी सविताला म्हटलं, "ह्याला मी सोडणार नाही." तिला वाटलं, रडण्याऐवजी बोलते आहे.

घरी येऊन अहवालाची प्रत काढली आणि या खेपेला गुणाकार सोडून बाकीचं वाचलं. मी आधी न पाहिलेली गोष्ट पहिल्याच तक्त्यात होती. निखिलनं तुलनेसाठी रस्त्यावरची हवाही मोजली होती. विनूच्या कॉलरवरची हवा आणि रस्त्यावरची हवा जवळजवळ सारखी! ज्या शेडमध्ये पाय टाकला की डोळे चुरचुरतात, जिथून निघालेल्या माणसाच्या केसांना घरी आल्यावरही वास येतो, तिथली हवा रस्त्याइतकी स्वच्छ. पहिल्या वर्षाच्या पोरानंसुद्धा बोट ठेवलं असतं. मी सही ठेवली. निखिलला बोलावून घेतलं. तो आला, वाकला, मी म्हटलं, "नमस्कार राहू दे. तुझ्या नोंदीत 'काम नेहमीप्रमाणे' लिहिलंय. विनू त्या दिवशी कुठे होता?" निखिल जमिनीकडे बघून म्हणाला, "माझ्याजवळच होते, मॅडम. दाराशी. मला एकट्याला सोडायचं त्यांना बरं वाटेना. मीही... इतका आग्रह, नको कसं म्हणणार?" "मग 'नेहमीप्रमाणे' कुठून आलं रे गाढवा?" पस्तीशीच्या माणसाला मी गाढव म्हटलं. "त्या रकान्यात नेहमी तेच लिहितो," म्हणाला आणि रडायला लागला. त्याला रडू दिलं, मग कागद पुढे ठेवला आणि जे घडलं ते त्याच्याकडून लिहून घेतलं. त्याची नोकरी त्यात गेली असती. त्यानं लिहून दिलं. त्याच्यावरचा माझा राग अर्धा उतरला आहे, पूर्ण नाही.

उरलेलं मंदाबाईनं सांगितलं. मंदाबाई त्या शेडमध्ये बारा वर्षं सोल्यूशनचा ब्रश मारते. मी तिच्या घरी गेले, अंगणात तिनं बाज टाकली, पाणी दिलं, आणि मी विषय काढल्यावर सरळ विचारलं, "मॅडम, तुमी सही केली तवा आमाले इचारलं होतं काय?" मी नाही म्हटलं. "इचारलं असतं त सांगतलं असतं," ती म्हणाली. "शटर उघडं असलं की सोल्यूशन लावतच नाई. रस्त्यानं कोयशाचे ट्रक जातेत. धूळ बसली की पट्टी धरत नाई, टायर वापस येते. म्हनून शटर रोज बंद. त्या दिशी पाहुन्यासाठी शटर वर होते, म्हंजे सोल्यूशनचा एक ब्रशसुद्धा मारला नाई कोनी. पाहुना गेला अन् दुसऱ्या दिशी डब्बल काम केलं, शटर लावून."

म्हणजे मी जे मोजलेलं गुणलं, भागलं, आयुष्यभरावर पसरवलं, ती त्या शेडची हवाच नव्हती. ती माझ्या भावाच्या पाहुणचाराची हवा होती. अठरा वर्षं बंद शटरामागे घेतलेले श्वास कुठेच नव्हते, आणि ज्या एका दिवशी तो उंबऱ्यात खुर्ची टाकून माझ्या विद्यार्थ्याला पोहे खाऊ घालत होता, तो दिवस अठरा वर्षांचा जामीन राहिला होता. आणि शेठजीला हे ठाऊक होतं. धुळीचा नियम त्याचाच, शटर उघडं दिसलं की शिव्या देणारा तोच. त्यानं विनूला हवा खोटी दाखव असं सांगितलं असतं तर विनूनं ऐकलं नसतं, इतका मी माझा भाऊ ओळखते. त्यानं फक्त "पाहुना येनार आहे" एवढंच सांगितलं. माणूस बरोबर ओळखला होता त्यानं. मला या शेठजीचं वाटोळं झालेलं पाहायचं आहे. हे असं छापील कागदावर लिहायला मला लाज वाटत नाही.

परवानग्या देणाऱ्या यवतमाळच्या कार्यालयात अर्ज घेऊन गेले तर तिथला कारकून भला माणूस निघाला. अर्ज वाचून गोंधळला. "मॅडम, सही मागे घ्यायचा आपल्याकडे फॉर्मच नाही."

"साध्या कागदावर घ्या."

"पन हे तुमच्यावरच येईन न. तुमीच लिहून देऊन राह्यल्या का तुमची चूक झाली म्हनून."

"येऊ द्या. त्यासाठीच आणलंय."

निखिलचा कबुलीजबाब जोडला. शेडची हवा पूर्वसूचना न देता, शटर लावून, काम चालू असताना पुन्हा मोजावी, आणि तोवर बोरी अरबच्या शेडला परवानगी देऊ नये, एवढंच मागितलं. विनूला कॅन्सर शेठजीनं दिला, असं मी कुठेही लिहिलं नाही. ते सिद्ध होत नाही, मला माहीत आहे. सूड घ्यायचा तर तोही चोख गणितात घ्यायचा, चार दशांशांपर्यंत. दोन दिवसांत शेठजीचा फोन आला. आधी गूळ, मग मीठ. "मॅडम, इतक्या वर्षांची तुमची इज्जत आहे यवतमाळात. खराब होईन. लोक म्हनतीन, बाईनं न पाहताच सही केली." मी म्हटलं, "खरंच आहे ते. मी स्वतःच सांगत फिरणार आहे. बुडेन तर तुम्हाला कवटाळून बुडेन, शेठजी." आणि फोन ठेवला. फार दिवसांनी भूक लागली. दोन भाकरी खाल्ल्या त्या दिवशी.

मंदाबाईकडे पुन्हा गेले ते भीत भीत. काम गेलं तर तिनं काय करायचं? माझं काय, मला पेन्शन आहे. मी तिला तसं सांगितलंही, की तुम्हाला यातून बाहेर राहायचं असेल तर राहा. ती तांदूळ पाखडत होती, थांबली नाही. "माणूस येईन त आमी काय करायचं, तेवढं सांगा," म्हणाली. म्हटलं, "काही नाही. रोज करता तेच. जास्त नाही, कमी नाही." "बस?" "बस." ती जरा विचार करून म्हणाली, "रोजचंच करायचं असन त कोनाची भीती आहे?"

गेल्या आठवड्यात तो दिवस आला. अधिकारी सकाळी शेठजीला न कळवता आले, हातात उपकरणांची पेटी. अर्जदार म्हणून मला बाहेर रस्त्याच्या कडेला थांबायची परवानगी होती. त्यांनी शटर वाजवलं, कोणीतरी हातभर वर केलं, ते वाकून आत गेले आणि शटर पुन्हा खाली आलं. नंतर तेच मला म्हणाले की आत त्यांच्याकडे कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. बसायला खुर्ची नाही, पाण्याचा पेला नाही. वऱ्हाडात, जिथे वीजबिल द्यायला आलेल्या माणसालाही चहा विचारतात, तिथे हा साहेब सकाळपासून भिंतीला टेकून उभा. नळ्या मंदाबाईनं साडीवर चढवलेल्या शर्टाच्या आणि आणखी दोघांच्या कॉलरला. मी रस्त्यापलीकडे बाभळीखाली उभी, समोरून कोळशाचे ट्रक जाताहेत, आणि शटराच्या फटीतून तो वास येतो आहे. तोच गोडसर वास... मी पदर नाकाला लावला आणि मग काढला. विनूच्या केसांचा वास तो. पुन्हा कुठे मिळणार होता मला.

अकराच्या सुमारास शेठजीची गाडी आली. दरवाजा उघडा टाकूनच तो धावला. शटर त्यानं स्वतः वर केलं, थेट छातीपर्यंत, त्यामुळे मला आतलं दिसायला लागलं. "अबे, साहेब उभे आहेत अन् खुर्ची नाही? चहा नाही? हे काय पद्धत आहे? शटर वर करा आधी सारे, हवा येऊ द्या!" अधिकारी म्हणाले, "राहू द्या. आहे तसंच चालू द्या. शटर खाली घ्या." शेठजी ऐकायला तयार नाही. तो एकेकाचं नाव घेऊन ओरडत होता आणि एकही माणूस जागचा हलत नव्हता. मंदाबाई टायरापुढे बसलेली, एका हातात डबा, दुसऱ्या हातात ब्रश, कॉलरला ती काचेची नळी. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "मंदाबाई, तुमाले त समजते न? पाहुना आला घरी, कोनी उठाव का नाई?"

तिनं ब्रश डब्यात बुडवला, काठावर निथळवला आणि टायरावर ओढला.

"पाहुनचार विनूभाऊ करत होते, शेठ," ती म्हणाली. "ते आता नाईत."